बोर्डाखालची जागा

पोलादपुरातून समुद्र दिसत नाही. गच्चीवर चढा, वरच्या वाडीत जा, कशेडी घाटाच्या वळणावर गाडी थांबवून मान लांब करा, तरी दिसत नाही. आमच्याकडे दिसतात ते डोंगर, ढग आणि न थांबता जाणारे ट्रक. तरीही मे महिना संपता संपता आमच्या बाजारात 'समुद्र वाचवा' असा निळा बोर्ड लागला. लागला तोही कुठे, तर चपलांच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर, जिच्या खाली दासगावची मावशी मासे घेऊन बसते. अख्ख्या बाजारात बोर्ड लावणाऱ्या मंडळींना दुसरी भिंत मिळाली नाही. बोर्डावर एक हसरा मासा काढलेला होता आणि त्याच्या पोटाखाली लिहिलं होतं, की जून आणि जुलै हे माशांच्या विणीचे महिने असल्याने या बाजारात या काळात मासेविक्री बंद राहील.

मी तो बोर्ड पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या हातात कोथिंबिरीच्या जुड्या होत्या. त्या मी आमच्या खानावळीत येऊन ओट्यावर अशा आपटल्या की नवऱ्याने गल्ल्यावरून विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे." माझ्या नवऱ्याला जगातला कुठलाही प्रश्न दोन महिन्यांचाच वाटतो.

आमची खानावळ एसटी स्टँडजवळ आहे. नवरा पैसे घेतो, मी स्वयंपाक करते. बाहेरच्या फळीवर आम्ही नुसतं 'मासे थाळी' लिहितो. कुठला मासा ते लिहीत नाही, कारण ते आमच्या हातात नसतं. ते मावशीच्या हातात असतं, आणि खरं म्हणजे तिच्याही नसतं. तिचा नवरा दासगावच्या खाडीत वल्ह्याची होडी घालतो, जाळं टाकतो, आणि जे लागेल ते टोपलीत भरून ही बाई सकाळच्या गाडीने महाडला आणि तिथून मिनीडोर रिक्षाने पोलादपूरला येते. एसटीत कंडक्टर टोपली चढवू देत नाही, वास येतो म्हणून, त्यामुळे गाडी म्हणजे जी मिळेल ती. कधी बोय असतात, कधी शिंगाळी, कधी कोळंबी, नशीब जोरावर असलं तर जिताडा. कधी नुसत्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. सुरुवातीला मी तिला सांगायची, मावशी, उद्या जरा कोळंबी जास्त आण, पाहुणे आहेत. ती म्हणायची, "मला काय सांगतेस? खाडीला सांगून ठेव."

तोंडाने ती अशीच आहे. गिऱ्हाइकाने मासा दाबून बघितलेला तिला खपत नाही. "दाबू नको, घेतलास की घरी जाऊन दाब," असं ती भल्याभल्यांना ऐकवते. एकदा एका बाईने विचारलं, ताजा आहे का, तर मावशीने टोपलीवर फडकं टाकलं आणि तिला मासे विकलेच नाहीत. मी तिला म्हटलं, असं करशील तर उपाशी मरशील. तर माझ्याशीच दोन दिवस बोलली नाही. तिची बाजू घ्यायची म्हणजे आधी तिचा अपमान गिळायची तयारी ठेवावी लागते. ते मी इतकी वर्षं करत आले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा कंटाळा आला आहे.

त्यात आमच्या गावाचे वार. मावशीचं पोट भरतीवर चालतं आणि आमच्या गावाचं पोट वारावर. पौर्णिमा-अमावास्येला खाडीला उधाण येतं, पाणी जोराने आत शिरतं आणि जाळ्याला मासा लागतो. पण आमच्याकडे सोमवारी महादेव, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती, शिवाय संकष्टी, एकादशी आणि ज्याने त्याने नवसाने सोडलेला आणखी एखादा वार. उधाणाचा चांगला मासा घेऊन ती बिचारी गुरुवारी येऊन बसते आणि माणसं तिच्यासमोरून तोंड फिरवून जातात. तीच माणसं शुक्रवारी सकाळी येऊन म्हणतात, काय गो मावशी, आज एवढंच? समुद्राला कुणी सांगावं, की बाबा, पोलादपूरचे वार बघून उधाण आण.

हे सगळं मी का सांगते आहे, तर तिचे विकायचे दिवस आधीच मोजके. त्यातले दोन महिने त्या निळ्या बोर्डाने काढून घेतले.

बोर्ड लावणारी मंडळी म्हणजे प्रामुख्याने एक सर. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, निवृत्त झाले. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. मुलीकडे मुंबईला काही महिने राहून आले आणि येताना समुद्राचा ध्यास घेऊन आले. तिथे किनाऱ्यावरचा कचरा त्यांनी बघितला, कुठलीशी व्याख्यानं ऐकली, आणि परतल्यावर बाजारातल्या दुकानदारांना गोळा करून मोहीम सुरू केली. मी उगाच त्यांना नावं ठेवणार नाही. सावित्री नदीच्या पात्रातलं प्लास्टिक या माणसाने गुडघाभर पाण्यात उतरून स्वतः उचललं आहे. इथे टाकलेली पिशवी दासगाववरून खाडीने थेट समुद्रात जाते, हे ते सगळ्यांना सांगत फिरायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दुकानदारांनी माना डोलावल्या. पिशव्या मात्र कुणी बंद केल्या नाहीत. पिशव्या बंद करायच्या म्हणजे स्वतःचं गिऱ्हाईक दुखवायचं. मासे बंद करायचे म्हणजे एका बाईला उठवायचं. दोन्हीपैकी सोपं काय, ते ठरवायला मोहिमेची गरज नव्हती.

आणि गंमत म्हणजे बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याच्या खर्चाला हातभार लावणाऱ्या दुकानाचं नाव होतं. ते दुकान काचेचं. आत दोन मोठे फ्रीज, त्यात कुठून कुठून ट्रकने आलेली सुरमई, पापलेट, हलवा, सगळे बर्फात कडक झालेले. मोठ्या इंजिनच्या बोटींनी, बारीक जाळ्यांनी, पिल्लांसकट गोळा केलेला माल. पापलेट तर इतकी लहान की तळायला घेतली तर पाप वाटावं. ते दुकान जून-जुलैत चालूच राहणार होतं. मी विचारलं, हे कसं? मला सांगण्यात आलं, की त्यांचा साठा सरकारच्या पावसाळी बंदीच्या आधीचा आहे.

बोर्ड लागल्यानंतर जूनच्या पहिल्या मंगळवारी मावशी नेहमीसारखी आली. तिला वाचता येतं, पण तिने वर बघितलंच नाही. टोपली उतरवली, पोतं अंथरलं, तराजू काढला. सर आले, बरोबर दोन दुकानदार. सर अगदी नम्रपणे बोलले. तेच मला जास्त लागलं. "आजी, राग मानू नका, पण या दिवसांत मासे अंडी घालतात. आपण आता थांबलो तर पुढे तुम्हालाच भरपूर मिळतील."

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. मग बोर्डाकडे बघितलं. मला वाटलं आता ही यांची अशी काही खरडपट्टी काढेल की चपलांचं दुकान हादरेल. तिने पोतं गुंडाळलं, टोपली डोक्यावर घेतली आणि माझ्या खानावळीत येऊन मागच्या दाराशी टेकली. "काय असेल ते घे," म्हणाली, "परत न्यायला जीव नाय."

"तू बोलली का नाहीस?" मी ओरडले. "एरवी गिऱ्हाइकांना फाडून खातेस, आणि आज मुकी झालीस?"

"मास्तर हाय तो," ती म्हणाली. "मास्तरशी काय बोलायचं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सगळे मासे घेतले, तिला चहा दिला आणि तिच्यावरच चिडत राहिले. सरांवर चिडायला मला संध्याकाळपर्यंत थांबावं लागणार होतं.

सर माझे जुने गिऱ्हाईक. जेवायला येण्याआधी फोन करायचे, "ताई, आज गाभोळी असेल तर माझ्यासाठी ठेवा." गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. आता यापुढे आणखी काय बोलायचं? संध्याकाळी ते चहाला आले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "सर, ज्या माणसाने माझ्या ताटात इतकी वर्षं गाभोळी खाल्ली, त्याने मावशीला अंड्यांबद्दल शिकवावं का?"

त्यांचा चेहरा पडला. कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणूनच तर सोडली, ताई. मासेच सोडलेत मी या दोन महिन्यांसाठी."

प्रामाणिक माणसाशी भांडणं फार जिकिरीचं असतं. लबाड माणूस असता तर मी त्याला सरळ केला असता. मग मी दुसरीकडून गेले. म्हटलं, सरकारची बंदी इंजिनाच्या बोटींना आहे, समुद्रात जाणाऱ्या. खाडीत वल्हं मारणाऱ्याला नाही. त्याने अख्खा दिवस पाण्यात घालवला तरी एक टोपली भरत नाही. ते म्हणाले, "मासा तो मासा, ताई. अंडी खाडीतल्या माशालाही असतात. आपण सरकारच्या थोडं पुढे जाऊ." मी म्हटलं, मग वरच्या वाड्यांमधली पोरं पावसात शेतात चढणारे मासे अंड्यांसकट टोपल्या भरून मारतात, त्यांना बोर्ड लावा. ते म्हणाले, ते विकत नाहीत, खातात. म्हणजे माशाला विकलं तर वाईट वाटतं आणि खाल्लं तर वाटत नाही, असं काहीतरी. मी त्यांचा कप उचलून आत नेला. तो अजून अर्धा भरलेला होता.

पुढचे काही दिवस माझेही हाल. पाऊस सुरू झाला होता, येणारी माणसं भिजून भुकेने कावलेली, आणि फळीवर 'मासे थाळी' पुसलेलं. मुंबईहून गावाला निघालेले चाकरमानी विचारायचे, "सुरमई नाय का?" मी नाही म्हणायचे. ते म्हणायचे, "समोर काचेच्या दुकानात हाय की. आणून फ्राय करून द्या ना." नवराही तेच म्हणायला लागला. एका दुपारी त्याने मला न विचारता तिथून मासे आणले. मी ते केले, कारण आणलेलं अन्न टाकायचं नाही अशी मला शिस्त आहे. पण तळताना त्या माशातून इतकं पाणी सुटलं की तव्यावर कालवण व्हायची वेळ आली. गिऱ्हाइकांनी बोटं चाटली. कुणाला काही कळलं नाही. त्यांच्या जिभेवरही मला संताप आला.

मग मावशीच्या जागेवर एक टेबल आलं. मोबाईलची कव्हरं, चार्जर आणि हेडफोन विकणारा तरुण माणूस, डोक्यावर मोठी रंगीत छत्री. मी त्याला म्हटलं, ही जागा मावशीची आहे. तो हसून म्हणाला, "ती आली की उठेन, काकी." हसतमुख माणूस, भांडायला काही जागाच ठेवली नाही. पण बाजारात बसणाऱ्यांचा एकच कायदा आहे आणि तो सगळ्यांना माहीत असतो. जो बसतो त्याची जागा. पावती, कागद, ओळख, काही चालत नाही. मावशीची ती जागा तिच्या सासूची. सासूच्या आधी तिथे कोण बसायचं ते कुणाला आठवत नाही. पण एक पावसाळा ती रिकामी राहिली तर मावशीची सासू तिथे कधी बसलीच नव्हती, असं होऊन जातं.

एका सोमवारी, खानावळीत गर्दी कमी असते म्हणून, मी दासगावला गेले. महाडपर्यंत एसटी, पुढे मिनीडोर, शेवटी चिखलातून चालत. खाडीचं पाणी लाल झालेलं, होडी वर ओढून बांधलेली, मावशीचा नवरा पडवीत झोपलेला. मावशी मागे अळवाच्या वाफ्याला दगड लावत होती.

"मासे कुठे देतेस?" मी विचारलं.

"हायवेवर एक टेम्पोवाला येतो. सगळं एकदम घेतो. बोय, कोळंबी, सगळं एका भावात." तिने हात धुतले. "खाडी मोठी झाली की नवरा होडी घालत नाय. कमी झाली की घालतो. चाललंय."

"महाडच्या बाजारात बस."

"तिथं ज्याची त्याची जागा हाय. मला कोण बसवील?"

"मग भांडायला चल पोलादपूरला. मी येते बरोबर. सरांना मी गप्प केलंय जवळजवळ." हे खरं नव्हतं.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मासं मी कुठंबी इकीन गो. टेम्पोला देईन, नाय तर सुकवीन. पण तिथं पाव्हण्यासारखं जाऊन, बसू का म्हणून इचारायचं, ते मला जमणार नाय. सासूने मला तिथं आणून बसवली होती. माझी सून नाय बसणार, तिला लाज वाटते. मी हाय तोवर ती जागा हाय. मी उठले की संपली." एवढं बोलली आणि परत दगड लावायला गेली. मला जेव म्हणाली नाही, कारण माझा सोमवार असतो हे तिला माहीत होतं. ती माझे उपास लक्षात ठेवते, मी तिचं उधाण लक्षात ठेवत नाही, आणि त्या दिवशी याचाही मला रागच आला.

परत आले ती थेट सरांच्या घरी. ओल्या चपलांनी त्यांच्या ओटीवर उभी राहिले. म्हटलं, तुम्हाला समुद्र वाचवायचा आहे ना, तर मला एवढं सांगा, की खाडीवरची ही माणसं उठल्यावर समुद्रात कोण उरणार? तुमच्या बोर्डाचा खर्च देणाऱ्यांचे ट्रक ज्यांच्याकडून माल आणतात, ते. त्यांना तुमची पौर्णिमा माहीत नाही, वीण माहीत नाही, काही नाही. वल्ह्यावाला निदान खाडी भरली की घरी झोपतो.

सरांनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. शेवटी ते म्हणाले, "माझा एक विद्यार्थी मत्स्य खात्यात आहे. मी त्याला विचारतो." आणि त्यांनी विचारलं. चार दिवसांनी स्वतः चालत खानावळीत आले. "ताई, तुमचं बरोबर आहे. बिनइंजिनाच्या होड्यांना बंदी नाही. माझी चूक झाली."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना न विचारता भजी आणून ठेवली. "मग बोर्ड काढा."

"तो बैठकीत ठरला होता. बैठकीतच बदलावा लागेल."

भजी परत उचलून न्यावी असं वाटलं. बैठक पुढच्या रविवारी ठरली. त्या रविवारी नदीचं पाणी वाढलं म्हणून माणसं आपापली दुकानं आवरत बसली. पुढच्या वेळी चपलांच्या दुकानदाराच्या घरी सुतक. त्याच्या पुढच्या वेळी बैठक झाली, पण दोनच माणसं आली आणि ती पाऊस किती पडला यावर बोलून गेली. मी सरांना म्हणायचे, तुम्ही एकट्याने रंग फासा, कोण विचारतंय? ते म्हणायचे, "तसं नको ताई, सगळ्यांच्या संमतीने होऊ द्या." मावशीला उठवायला कुणाची संमती लागली नव्हती. तिला बसवायला मात्र सगळा बाजार हवा होता.

असं करता करता आषाढ संपत आला. दिव्याची अवस आली. आता ज्यांना आमच्याकडची माहिती नाही त्यांना सांगते. श्रावण लागला की घरात मांसमच्छी बंद, म्हणून आदल्या दिवशी, म्हणजे त्या अवसेला, माणसं महिनाभराचं खाऊन घेतात. वर्षातला सगळ्यात मोठा विक्रीचा दिवस. कोंबडीच्या दुकानाबाहेर सकाळपासून रांग, काचेच्या दुकानात तर दोन्ही फ्रीज दुपारपर्यंत रिकामे. अवसेचं उधाण होतं. खाडीत त्या दिवशी किती मासा लागला असेल आणि टेम्पोवाल्याने तो कसा उचलला असेल, याचा मी विचारही करत नव्हते. आणि भिंतीवर तो मासा दात काढून हसत होता.

त्या संध्याकाळी, दुकानं बंद व्हायच्या सुमाराला, सर एका हातात रंगाचा डबा आणि दुसऱ्या हातात ब्रश घेऊन बाजारात आले. कुणी संमती दिली नव्हती. बहुधा त्यांनाच आपली लाज वाटली असावी. स्टुलावर चढून त्यांनी 'मासेविक्री बंद' पुसलं आणि शिकवताना फळ्यावर काढायचे तशा सुबक अक्षरात लिहिलं, 'वल्ह्याच्या होड्यांच्या मासळीला बंदी नाही.' मोबाईलवाला त्यांचाच विद्यार्थी. सरांनी खाली बघितल्याबरोबर त्याने टेबल घडी केलं. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. आनंद झाला, नाही कसा, पण तो आनंद असा होता, जसा जेवणं संपल्यावर भात शिजावा.

मी मावशीला फोन लावला. "बोर्ड बदलला. टेबल उठलं. उद्यापासून ये."

 ती म्हणाली, "उद्यापासून श्रावण हाय गो."

मला माहीत होतं की. सकाळपासून मीच भांडी घासून श्रावणासाठी वेगळी काढली होती. तरी ते तिच्या तोंडून ऐकल्यावर मी फोन ठेवला आणि बोटांवर महिने मोजायला लागले. दोन महिने बोर्डाचे, पुढचा महिना देवाचा, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. या गावाने मासे खायचे तरी कधी? आणि तिने विकायचे कधी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला बाहेर पडले तर मावशी आपल्या जागेवर बसलेली. पोतं अंथरलेलं, मागे निळा बोर्ड, पुढे तीच टोपली. मला वाटलं हिने खरंच मासे आणले. जवळ जाऊन बघितलं तर टोपलीत अळवाच्या जुड्या. तिच्या मागच्या वाफ्यातलं अळू, केळीच्या सोपटाने बांधलेलं, पानं धुऊन चकचकीत केलेली.

श्रावणात अळू चांगलं जातं. वड्या, फदफदं, घरोघरी हवंच असतं. पण तिच्यासमोरून बायका जात होत्या आणि वाडीवरून आलेल्या दुसऱ्या बायकांकडून अळू घेत होत्या. एकीने मावशीची जुडी उचलली, नाकाशी नेली आणि पटकन परत ठेवली. टोपली वर्षानुवर्षं माशांची. खाडीच्या पाण्याने कितीही धुतली तरी तिला तिचा वास होताच, आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी तो वास घरात कोण नेईल?

माझं डोकं सटकलं. "नवी टोपली आणायची नाहीस का? निदान पिशवीतून आणायचं. एवढी अक्कल नाही?"

"पिशवी नको म्हणतो ना मास्तर," ती म्हणाली. ती थट्टा करत होती का खरंच सांगत होती, मला कळलं नाही.

मी पदराला हात पुसले आणि खाली बसले. माझ्या खानावळीत श्रावणभर अळू लागतं. तीनदा धुवायचं, चिंच जरा जास्त घालायची, कुणाच्या बापाला वास येत नाही. मी जुड्या उचलायला लागले. "दे सगळं. सगळं मी घेते. रोज घेत जाईन."

तिने माझा हात धरला. अगदी घट्ट. "सगळं नको घेऊ."

"आता काय झालं? माझ्याकडून घ्यायला कमीपणा वाटतो?"

"सगळं घेतलंस तर मी काय करू? उठावं लागंल," ती म्हणाली. "अळू एवढंच हाय बाय. रिकामी टोपली घेऊन कोण बसू देईल? तू एक जुडी घे. बाकीची राहू दे पुढ्यात."

 समोर, रस्त्याच्या पलीकडे, मोबाईलवाला छत्री गुंडाळून उभा होता. वाईट माणूस नव्हता तो. नुसता उभा होता आणि टोपलीकडे बघत होता.

मी एक जुडी घेतली. तेवढ्यात एक बाई आली, माझ्या ओळखीची, देवळातून परतणारी. तिने वाकून अळू उचललं, पानं उलटून बघितली, वास घेतला आणि ठेवून पुढे गेली. मी तिला हाक मारणार होते, चार शब्द सुनावणार होते. मावशीने ती जुडी परत सरळ केली, पानं वर येतील अशी ठेवली.

"बरं झालं, नाय घेतली," ती म्हणाली. "संध्याकाळची गाडी अजून लांब हाय."